परदेशी बदलीचं पॅकेज: सही करण्याआधी कुटुंबासाठी काय मागावं, कसं मागावं

पुण्याच्या वाहन आणि सॉफ्टवेअर कंपन्यांतून जर्मनीला, त्यातही स्टुटगार्टच्या बाजूला जाणारी कुटुंबं आता बरीच दिसतात. ऑफर आली की घरात पहिला हिशोब एकच होतो: युरो गुणिले रुपये. सत्तर हजार युरो म्हणजे सत्तर लाखांच्या वर, मग अजून काय हवं? या आनंदात सही होते. खरा खर्च तिथे पोचल्यावर समोर येतो, आणि तोपर्यंत कंपनीशी बोलायची वेळ निघून गेलेली असते.

पगार वाढवून मागणं बहुतेकांना सुचतं. पण मोठ्या कंपन्यांत पगाराचा पट्टा ठरलेला असतो, त्यात एचआरचा हात बांधलेला असतो. स्थलांतराचा खर्च वेगळ्या खात्यातून जातो. तो एकदाच होतो आणि तिथे जागा असते. म्हणून माझं ठाम मत असं आहे, की कंपनीकडे रोख रक्कम मागू नका. कामं मागा, प्रत्यक्ष खर्च मागा, तारखा मागा. असं का, ते पुढे आकड्यांनी दाखवते.

उदाहरणासाठी एक कुटुंब धरू. पत्नी हिंजवडीत एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ऑफर तिला आहे: स्टुटगार्ट, वर्षाला ७०,००० युरो. पती फिजिओथेरपिस्ट. मुलगी आठवीत, मुलगा चार वर्षांचा. वाकडला फ्लॅट, त्यावर कर्ज. पतीचे आई-वडील पुण्यातच राहणार.

सर्वांत आधी: तुम्ही कोणाचे कर्मचारी असणार?

हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा. उत्तरं साधारण दोन असतात.

एक म्हणजे डेप्युटेशन. नोकरी भारतीय कंपनीतच राहते, तुम्ही ठरावीक काळासाठी तिकडे जाता. परवाना बहुधा आयसीटी कार्डाचा, म्हणजे एकाच समूहातल्या बदलीसाठीचा. व्यवस्थापक आणि तज्ज्ञांसाठी त्याची कमाल मुदत तीन वर्षं. यात ग्रॅच्युइटीची सलगता तुटत नाही. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार ईपीएफओकडून प्रमाणपत्र घेतलं, तर ठरावीक काळ जर्मन पेन्शनची कपात न होता पीएफ चालू ठेवता येतो.

दुसरा म्हणजे स्थानिक करार. भारतातल्या कंपनीचा राजीनामा देऊन जर्मन कंपनीत रुजू व्हायचं. परवाना बहुधा ब्लू कार्डचा, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा. २०२५ साली त्यासाठी किमान पगार वर्षाला ४८,३०० युरो होता. टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी ४३,७५९.८० युरो. हा आकडा दर जानेवारीत बदलतो. ब्लू कार्डवर जोडीदाराला येण्याआधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यापासून नोकरी करता येते. पत्नीला जर्मन येत असेल तर बी-१ (मध्यम) पातळीवर २१ महिन्यांत, नाहीतर ए-१ (अगदी प्राथमिक) वर २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो.

दोन्हींत मागण्या वेगळ्या होतात. डेप्युटेशनमध्ये घरभाडं, मुलांची शाळा, वर्षातून एकदा भारतात येण्याची तिकिटं आणि परतल्यावरचं पद या गोष्टी न्याय्य मागण्या आहेत, कारण कंपनी तुम्हाला तिच्या कामासाठी पाठवते आहे. स्थानिक करारात कंपनी तुम्हाला तिथला माणूस धरते. तिथे घरभाडं कायमचं मिळणार नाही, पण पहिल्या सहा महिन्यांचा भार उचलायला लावता येतो. ‘ग्रुप कंपनीच आहे, राजीनामा फक्त कागदोपत्री’ असं कोणी म्हणालं तर ग्रॅच्युइटीचं काय, हे लगेच विचारा. पाच वर्षं भरायला चार-सहा महिने उरले असतील, तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलणं किंवा तेवढी रक्कम जॉइनिंग बोनसमध्ये भरून मागणं, दोन्ही रास्त आहे.

हातात किती येणार

७०,००० युरोतून कर आणि विम्याच्या कपाती जाऊन, पत्नी एकटीच तिथे असेल तर कर-वर्ग १ प्रमाणे महिन्याला साधारण साडेतीन हजार युरो हातात येतात. पतीही तिथे राहायला आला आणि तो कमावत नसेल, तर कर-वर्ग ३ घेता येतो. मग हाच आकडा चार हजारांच्या आसपास जातो. म्हणजे ‘आधी मी जाते, तुम्ही सहा महिन्यांनी या’ या बेताला दर महिन्याची किंमत आहे. त्याच कॅलेंडर वर्षात कुटुंब पोचलं तर वार्षिक विवरणपत्रात बराचसा फरक परत मिळतो. वर्ष उलटलं तर नाही.

आता रोख रकमेचं बघा. कंपनी म्हणते, ‘दहा हजार युरो देतो, तुमचं तुम्ही बघा.’ ऐकायला छान वाटतं. पण ही रक्कम पगारात धरली जाते आणि हातात जेमतेम पाच-सहा हजार येतात. तेच दहा हजार कंपनीने सामान हलवणाऱ्याला, विमान कंपनीला भरले, किंवा तुमच्या पावत्यांवर परत दिले, तर कायद्याने घातलेल्या मर्यादेत ते करमुक्त राहू शकतात. कंपनीच्या खिशातून तेवढेच पैसे गेले आणि तुम्हाला जवळपास दुप्पट मिळाले. एचआरशी बोलताना हाच मुद्दा वापरा, कारण यात कंपनीचा एक युरोही जास्त जात नाही.

जी गोष्ट करपात्र ठरणारच आहे, तिच्यासाठी एक शब्द लक्षात ठेवा: ग्रॉस-अप. म्हणजे त्या लाभावरचा करही कंपनीने भरायचा. प्रत्येक ओळीपुढे ‘ही रक्कम नेट की ग्रॉस?’ हे विचारून लिहून घ्या.

घर: इथे सगळ्यांत जास्त जोर लावा

स्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफर्ट या शहरांत चौघांसाठी घर मिळवणं कठीण आहे. नवख्या माणसाकडे तिथल्या पगाराच्या स्लिपा नसतात, पतक्षमतेचा शूफा दाखला नसतो. घरमालकाकडे अर्जांचा ढीग असतो.

कंपन्या सहसा तात्पुरतं घर चार आठवडे देतात. कुटुंबासाठी ते पुरत नाही. तीन महिने मागा, आणि ते कुटुंबाला पुरेल असं मागा. स्वयंपाकघर आणि दोन झोपायच्या खोल्या हव्यात. हॉटेलची खोली चार वर्षांच्या मुलाला घेऊन तीन महिने चालत नाही.

यातली खरी मेख वेगळी आहे. जर्मनीत घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आन्मेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याचं लेखी पत्र लागतं. अनेक तात्पुरत्या अपार्टमेंटचे मालक ते देत नाहीत. नोंदणी नाही म्हणजे कर-क्रमांक अडतो, त्यामुळे पगारातून जास्तीचा कर कापला जाऊ शकतो. बँक, बालवाडी, मुलीचा शाळाप्रवेश, सगळं त्याच एका कागदाशी येऊन थांबतं. म्हणून पत्रात हे वाक्य हवंच: ‘कंपनी देणार असलेल्या तात्पुरत्या निवासात संपूर्ण कुटुंबाची पत्ता-नोंदणी करता येईल.’ या एका वाक्यासाठी बाकी दोन गोष्टी सोडाव्या लागल्या तरी सोडा.

मग कायमच्या घराचा खर्च. तिथे भाडं दोन प्रकारे सांगतात. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. वार्ममीटेत हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरलेलं असतं. अनामत काल्टमीटेच्या तीन महिन्यांपर्यंत घेता येते आणि ती तीन हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच आहे. काल्टमीटे १,५०० युरो धरली तर अनामत ४,५००, पहिलं भाडं वेगळं. शिवाय अनेक घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात. ओटा, सिंक, कपाटं काहीच नाही, भिंतीतून फक्त नळाचे पाइप बाहेर आलेले. तीन-चार हजार युरो तिथे सहज जातात. आणि पहिला पगार महिनाअखेरीस येतो.

त्यामुळे मागण्या अशा ठेवा: घर शोधून देणारा एजंट कंपनीच्या खर्चाने. अनामत रक्कम कंपनीकडून बिनव्याजी, वर्षभरात पगारातून वळती. कंपनीचं घरमालकाच्या नावे नोकरीची आणि पगाराची खात्री देणारं पत्र. याला पैसा लागत नाही आणि याचा उपयोग फार होतो. निघण्याआधी घर बघायला एक आठवड्याचा दौरा, दोघांसाठी. कंपनी दौऱ्याला नाही म्हणाली, तर त्याच्या बदल्यात तात्पुरत्या घराचा एक महिना वाढवून मागा.

भारतातून स्वतःचे पैसे न्यायचे असतील तर लिबरलाइज्ड रेमिटन्स योजनेखाली आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. पण १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, तोवर मात्र पैसा अडकून राहतो.

मुलांची शाळा

आठवीतली मुलगी हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत नाजूक भाग आहे, आणि पॅकेजच्या यादीत तिचा उल्लेख बहुधा नसतो.

जर्मनीत शाळा सक्तीची आहे, घरी शिकवायला परवानगी नाही. सरकारी शाळा मोफत आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट जिथे आहे तिथे, चौथीनंतरच मुलांची वेगवेगळ्या शाळाप्रकारांत विभागणी होते. विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियम त्यांतलं एक. तेरा वर्षांची, जर्मन न येणारी मुलगी बहुधा आधी भाषेच्या तयारी वर्गात जाते. तिथे वर्ष, कधी जास्तही जातं. आपल्या वयाच्या मुलांत अभ्यासात पुढे असलेलं मूल एकदम मुकं होतं. हे तिच्या पातळीवर जाऊन बघा.

माझ्या मते निर्णय मुक्कामाच्या लांबीवरून घ्यावा. दोन-तीन वर्षांचं डेप्युटेशन असेल आणि परत भारतातच यायचं असेल, तर इंग्रजी माध्यमाची आंतरराष्ट्रीय शाळा, आणि तिची फी कंपनीने द्यावी यावर अडून बसा. फी वर्षाला साधारण १५ ते २५ हजार युरो असते. स्वतःच्या पगारातून ती परवडत नाही. कंपनीने भरलेली फी तुमच्या करपात्र पगारात धरली जाते, म्हणून इथे ग्रॉस-अप नसेल तर ‘शाळा मोफत’ म्हणत तुम्हीच हजारो युरो कर भरत राहता. फी स्वतः भरली तर पात्र शाळेच्या शिक्षणशुल्काच्या ३० टक्के, मुलामागे वर्षाला कमाल ५,००० युरो, करपात्र उत्पन्नातून वजा करता येतात.

कायम राहायचा विचार असेल तर स्थानिक शाळा, आणि कंपनीकडून मुलीसाठी वर्षभराची जर्मन शिकवणी. ही मागणी अगदी लहान आहे; नीट समजावली तर सहसा मान्य होते. निघायला सहा महिने असतील तर पुण्यातल्या मॅक्स म्युलर भवनात किंवा एखाद्या चांगल्या शिक्षिकेकडे तिचा वर्ग आजच सुरू करा, कंपनीच्या उत्तराची वाट बघू नका.

धाकट्यासाठी कीता, म्हणजे बालवाडी. वयाचं पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर जागा मिळण्याचा हक्क जर्मनीत २०१३ पासून आहे, प्रत्यक्षात जागांची टंचाई आहे. फी शहरागणिक बदलते. बर्लिनमध्ये जवळपास नाही, स्टुटगार्टमध्ये द्यावी लागते. शाळेच्या वयाआधीच्या मुलाच्या बालवाडीचा खर्च मालकाने पगाराव्यतिरिक्त दिला तर तो करमुक्त असतो. तेव्हा एचआर म्हणाली, ‘पगारात दोनशे युरो वाढवता येणार नाहीत,’ तर ‘कीता-भत्ता म्हणून द्या’ हा उत्तम पर्याय आहे. तिथे वाढ दोनशेची आणि हातातही दोनशेच. सरकारकडून मिळणारा बालभत्ता, किंडरगेल्ड, २०२५ साली मुलामागे महिना २५५ युरो होता. तो हक्काचा आहे, त्याला पॅकेजचा भाग म्हणून मोजू देऊ नका.

जोडीदाराची नोकरी

आपल्या उदाहरणातला पती फिजिओथेरपिस्ट आहे. हा जर्मनीत नियंत्रित व्यवसाय आहे: पदवीची अधिकृत मान्यता आणि पुरेसं जर्मन, साधारण बी-२, याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, शिक्षक यांचंही तसंच. आयटी किंवा अकाउंट्सवाल्यांना ही अट नाही, पण भाषा तिथेही आडवी येतेच.

म्हणजे या कुटुंबात एक कमाई किमान वर्ष-दीड वर्ष थांबणार. हा आकडा कंपनीसमोर ठेवा. ‘माझ्या पतीचं वार्षिक उत्पन्न इतकं आहे, ते अमुक काळ बंद राहील’ हे सरळ सांगण्यात कमीपणा नाही. त्यावर भरपाई मागू नका, ती मिळत नाही. मागायचं ते असं: बी-२ पर्यंतचे भाषावर्ग, कागदपत्रांचं अधिकृत भाषांतर, मान्यता प्रक्रियेचं शुल्क आणि करिअर सल्लागाराच्या काही भेटी. कर्मचाऱ्याच्या जोडीदाराला तिथे कंटाळा आला की सगळं कुटुंबच परत येतं, हे परदेशी बदल्या बघणाऱ्या मोबिलिटी विभागाला पक्कं माहीत असतं. त्यामुळे ही मागणी ते गांभीर्याने घेतात.

आरोग्यविम्याचीही इथेच नोंद घ्या. सार्वजनिक विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं जादा हप्त्याशिवाय येतात. खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा. २०२५ साली वर्षाला ७३,८०० युरोंखालच्या पगाराला सार्वजनिकच बंधनकारक होता. ऑफर त्या रेषेवर गेली तर एजंट खासगीचा आग्रह धरतील. चौघांचं कुटुंब असेल तर सार्वजनिकमध्येच राहा.

सामान आणि व्हिसा

सामानावर फार शक्ती घालवू नका. न्हावा-शेवाहून समुद्रमार्गे माल पोचायला बरेच आठवडे लागतात. पलंग, सोफा, फ्रिज न्यायची गरज नाही. व्होल्टेज दोन्हीकडे २३० असल्यामुळे मिक्सर अडॅप्टर लावून चालतो. कुकर मात्र इंडक्शनवर चालणारा घ्या. घरगुती सामान सीमाशुल्काशिवाय नेण्यासाठी ते किमान सहा महिने वापरलेलं असावं लागतं. आणि तूप, पेढे, कुठलाही दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात प्रवासी सामानातून नेता येत नाही, हे आजीला आधीच सांगून ठेवा.

पत्रात ‘वीस फुटी कंटेनर’ लिहिलेला असेल आणि तुम्हाला तो नको असेल, तर तो निमूटपणे सोडू नका. ‘कंटेनरऐवजी थोडं हवाई सामान, आणि उरलेल्या रकमेत स्वयंपाकघर व फर्निचर’ अशी अदलाबदल मागा.

व्हिसासाठी जर्मनीत कंपनीला जलद प्रक्रियेचा अर्ज करता येतो. शुल्क ४११ युरो, आणि कुटुंबाचे अर्ज सोबत केले तर तेही त्याच प्रक्रियेत येतात. ‘जलद प्रक्रिया, चौघांसाठी एकत्र’ असं लिहून घ्या.

महाराष्ट्रातल्या कुटुंबांना नेहमी अडवणारी एक गोष्ट म्हणजे नावं. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, आणि मधलं नाव कधी वडिलांचं तर कधी पतीचं. ब्लू कार्डसाठी पदवी आणि पासपोर्ट एकाच व्यक्तीचे आहेत हे दाखवावं लागतं. विवाह नोंदणी दाखला, त्यातलं नाव, मुलांच्या जन्मदाखल्यावरची आई-वडिलांची नावं, सगळं एकदा टेबलावर मांडून ताडून बघा. दुरुस्तीला महिना-दोन महिने लागतात. भाषांतराचा खर्च कंपनीकडे मागा.

आणखी एक लहान ओळ: भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स तिथे राहायला गेल्यावर सहा महिनेच चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात आणि त्याला हजारो युरो लागू शकतात. कामासाठी गाडी चालवावी लागणार असेल तर हा खर्च कंपनीचा.

निघण्याची तारीखही बोलणीतली गोष्ट आहे

नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला, तर तो आयकराच्या दृष्टीने अनिवासी ठरतो. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याआधी निघालात, तर जर्मनीतल्या कामाचा तिथे मिळणारा पगार भारतात करपात्र नाही. नोव्हेंबरात निघालात तर तो भारतातही दाखवावा लागतो. दोन्ही देशांत करार आहे, त्यामुळे जर्मनीत भरलेल्या कराचं श्रेय मिळतं; पण कागदपत्रं वाढतात.

आता हे शाळेशी जोडून बघा. स्टुटगार्टमध्ये शालेय वर्ष सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतं. ऑगस्टमध्ये निघालं तर मुलीचं वर्ष नीट सुरू होतं आणि कराचंही जमतं. कंपनी म्हणाली ‘१ नोव्हेंबरला या,’ तर आधीच्या ऑगस्टची किंवा पुढच्या उन्हाळ्याची चर्चा करा. कंपनीला तारीख बदलायला खर्च येत नाही.

दोन्ही देशांतल्या कर सल्लागाराची फी, किमान पहिल्या दोन वर्षांची, पॅकेजमध्ये मागा. वाकडचा फ्लॅट भाड्याने द्याल तेव्हा मालक अनिवासी असल्यामुळे भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो, आणि हे बहुतेक भाडेकरूंना माहीत नसतं. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करावं लागतं. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत ठेवता येतो, नवा उघडता येत नाही.

न वाचता राहून जाणारी दोन कलमं

पहिलं वसुलीचं. ‘दोन वर्षांत नोकरी सोडल्यास स्थलांतराचा संपूर्ण खर्च परत द्यावा लागेल.’ हे कलम काढून टाका म्हणालात तर मिळणार नाही. पण ते सरळ करून घेता येतं. दोन वर्षांऐवजी एक वर्ष मागा. परतफेड दर महिन्याला बाराव्या हिश्शाने कमी व्हावी. तुम्ही स्वतः राजीनामा दिला तरच लागू. कंपनीने काढलं, पद रद्द झालं, व्हिसा नाकारला गेला किंवा गंभीर आजारपण आलं तर नाही. आणि रक्कम तुमच्या हातात आलेली, म्हणजे नेट. बोनसचे दहा हजार ग्रॉस दिले, साडेपाच हातात आले, आणि परत मागताना दहा मागितले, असं होऊ देऊ नका. कोणत्या पावत्या यात मोडतात त्याची यादीही जोडून घ्या; कंपनीने एजंटला भरलेले पैसे किती, हे तुम्हाला एरवी कळतसुद्धा नाही.

दुसरं परतीचं. जर्मन करारात बहुधा सहा महिन्यांचा प्रोबेशन असतो आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. मुलीची शाळा बदललेली, पतीची प्रॅक्टिस बंद, पुण्याच्या घरात भाडेकरू. अशा वेळी कुटुंबाची परतीची तिकिटं आणि सामान परत आणण्याचा खर्च कंपनीने द्यावा, हे लिहून हवं. त्याच समूहातून जात असाल तर मागची वर्षं धरून प्रोबेशन माफ करायला सांगा. डेप्युटेशनवर असाल तर परतल्यावर निदान आजच्या दर्जाचं पद.

आई-वडिलांसाठीही एक ओळ इथेच बसवा: जवळच्या व्यक्तीच्या गंभीर आजारपणात किंवा निधनाच्या वेळी तातडीचं तिकीट आणि भारतातून दोन-तीन आठवडे काम करण्याची मुभा. हे बोलायला जड जातं. तरीही बोला. रात्री दोन वाजता फोन आल्यावर रजेचं धोरण वाचत बसायची वेळ येऊ नये.

प्रत्यक्ष बोलणी

योग्य वेळ म्हणजे कंपनीने तोंडी होकार दिल्यापासून तुम्ही सही करेपर्यंतची. त्याआधी पॅकेजचं बोललात तर उमेदवारी डळमळते. नंतर बोललात तर ती विनंती ठरते.

आधी घरी एक संध्याकाळ द्या. दोघांनी, आणि मुलीलाही बसवून, तीन गट करा: याशिवाय जायचं नाही, हे हवं, आणि हे मिळालं तर बरं. पहिल्या गटात तीन-चारच गोष्टी ठेवा. आपल्या उदाहरणात मी तात्पुरतं नोंदणीयोग्य घर, मुलीच्या भाषेची सोय, वसुली कलमातली दुरुस्ती आणि परतीचा खर्च एवढंच ठेवीन.

मग कंपनीचं स्थलांतर धोरण लेखी मागा. ‘तुमचं धोरण काय आहे?’ हा प्रश्न आधी, तुमची यादी नंतर. कधीकधी धोरणात असलेली गोष्टही ऑफरमध्ये लिहिलेली नसते, ती नुसती विचारून मिळते. त्याच कंपनीतून आधी कुटुंबासह गेलेल्या एक-दोघांशी बोला. त्यांनी काय मागितलं आणि काय मिळालं, हे आपली माणसं मोकळेपणाने सांगतात.

एचआरच्या आधी तुमच्या भावी मॅनेजरला विश्वासात घ्या. माणूस लवकर आणि निश्चिंतपणे कामाला लागावा ही गरज त्यांची असते, आणि अपवादाची मंजुरी बहुधा त्यांच्याच सहीने मिळते. एचआरला फोनवर सगळं सांगून, त्याच दिवशी एक पत्र पाठवा. इंग्रजीत जाईल, पण मजकूर साधारण असा:

‘ऑफरबद्दल आभार. मी येण्यास उत्सुक आहे. आम्ही चौघं एकत्र येणार असल्यामुळे खालील बाबी निश्चित झाल्या तर मला लगेच सही करता येईल. १) तीन महिने कुटुंबाला पुरेसं, पत्ता-नोंदणी करता येणारं तात्पुरतं निवास. २) प्रवास व सामानाचा खर्च कंपनीकडून थेट. ३) मुलीसाठी एक वर्ष आणि पतीसाठी बी-२ पर्यंत जर्मन वर्ग. ४) परतफेडीची मुदत १२ महिने, दरमहा घटती, फक्त मी राजीनामा दिल्यास, नेट रकमेवर. ५) प्रोबेशन काळात कंपनीने करार संपवल्यास कुटुंबाचा परतीचा खर्च. यातल्या कशात अडचण असेल तर पर्याय सुचवावा, मी मोकळ्या मनाने विचार करेन.’

या पत्रात पगाराचा उल्लेख नाही, हे मुद्दाम आहे. पगाराबद्दल बोलायचं असेल तर ते आधी, वेगळं आणि एकदाच. दोन्ही विषय एकत्र केले की एचआर एकात देते आणि दुसऱ्यात काढून घेते.

‘नाही’ आलं तर गप्प बसू नका, चिडूही नका. ‘रक्कम अडते की धोरण?’ असं विचारा. रक्कम अडत असेल तर काहीतरी अदलाबदल सुचवा: कंटेनर कमी, घर जास्त दिवस. धोरण अडत असेल तर अपवाद कोण मंजूर करतं ते विचारा. आणि ‘काळजी करू नका, इकडे आल्यावर बघू’ हे उत्तर कितीही प्रेमाने दिलेलं असलं तरी नकार समजा. ते बोलणारा माणूस चार महिन्यांनी दुसऱ्या विभागात गेलेला असतो. मान्य झालेली प्रत्येक गोष्ट करारात किंवा करारासोबतच्या सही केलेल्या पत्रात यायला हवी.

सहीनंतरचा क्रम

पुण्यातल्या नोकरीचा राजीनामा सही झालेला करार आणि व्हिसा हातात आल्यावर द्या. तीन महिन्यांच्या नोटिशीमुळे तेवढा उशीर करणं शक्य नसेल, तर निदान जलद प्रक्रियेतली पूर्वमंजुरी येऊ द्या, आणि व्हिसा लांबला तर रुजू होण्याची तारीख आपोआप पुढे जाईल असं करारात घाला. पतीने क्लिनिकची जागा त्यानंतर सोडावी. शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यांत शेवटी काढा, पण मुलीच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका आणि दोन्ही मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी आधीच घेऊन भाषांतराला टाका. गोवराच्या लशीचा पुरावा जर्मन शाळा आणि कीता दोघांनाही लागतो. फ्लॅटचा भाडेकरार निघण्याच्या तारखेपासून करा, आणि करारात मालकाचा अनिवासी दर्जा व टीडीएसचं कलम वकिलाकडून घालून घ्या.